उत्तर: शुद्ध केलेलं सांडपाणी भूगर्भात साठवण्याबद्दल

‘सांडपाणी जमिनीत सोडलं की चांगलं भूजलही नासेल’ ही शंका शुद्ध केलेलं सांडपाणी भूगर्भात साठवण्याच्या कल्पनेवर घेतली जाते; ती रास्तच आहे, पण थोडी भर घालतो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत असं शुद्ध केलेलं पाणी १९७६ पासून विहिरींतून जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या थरात, सोडतात, आणि तेही आधी समुद्राचं खारं पाणी आत घुसू नये म्हणून! २००८ पासूनच्या मोठ्या प्रकल्पात सूक्ष्मगाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस (घरच्या ‘आरओ’सारखी, क्षार अडवणाऱ्या पडद्यातून गाळणी), मग हायड्रोजन पेरॉक्साइडसह अतिनील किरण अशा तीन पायऱ्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही हे चालतं.

खरी मेख मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इतकं शुद्ध पाणी क्षारांविना ‘भुकेलं’ असतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलं की मातीच्या कणांना चिकटलेलं विषारी आर्सेनिक सुटून पाण्यात उतरू शकतं. म्हणून ते जमिनीत सोडण्याआधी त्यात कॅल्शियम वाढवणारा चुना मिसळतात.

बाष्पीभवन टळतं, धरणासारखी जमीन बुडत नाही, हे फायदे आहेतच. पण खडक कोणता, पाणी कुठल्या दिशेने सरकतं, हे तपासल्याशिवाय आणि भूजलावर लक्ष ठेवणाऱ्या निरीक्षण विहिरी खोदल्याशिवाय कुणी हे सुरू करत असेल, तर माझा ठाम विरोध राहील.