मिस फरार आणि फॉरवर्डवाल्यांची पोटदुखी

शेंगोळे_नगरी (धागाकर्ता):
सकाळपासून तीन ग्रुपांवर एकच पोस्ट. "सावित्रीबाईंना शिकवणारी फरार बाई ही धर्मांतराची एजंट, तिचे गोडवे गाणं बंद करा." चौथ्यांदा आली तेव्हा चहा गार झाला आणि डोकं तापलं.

अहो, सिंथिया फरार १८२७ ला मुंबईत उतरल्या. एकट्या. अमेरिकन मिशनने परदेशी धाडलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित बायकांपैकी ही एक. इथे मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा सांभाळल्या. तब्येत ढासळली म्हणून १८३७ ला मायदेशी गेल्या आणि १८३९ ला परत आल्या, त्या नगरला. १८६२ ला नगरातच वारल्या. त्यांची शाळा पाहून आपल्याला मुलींच्या शाळेचं सुचलं, असं खुद्द जोतीरावांनी सांगितलंय. मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्रात १८५३ ला ते छापूनही आलंय. आणि सुरुवातीच्या पंचवीसेक वर्षांत या मिशनचे बाप्तिस्मे मोजकेच. एजंटाला कमिशन मिळालं तरी कसलं?

खवचट_काका:
बाईंच्या नावातच सगळं आलं की. एवढंच सांगा, शाळेत बायबल शिकवत होत्या की नाही? मिशनचे बोस्टनचे देणगीदार काही बाराखडीसाठी पैसे पाठवत नव्हते.

शेंगोळे_नगरी:
३५ वर्षांत एकदाच घरी गेली, ती फरार कसली हो? शिकवत होत्या बायबल. उघड शिकवत होत्या. तुमच्या-माझ्या पणज्यांना तेव्हा मुळाक्षरं शिकवायला दुसरं कोण बसलं होतं, ते सांगा.

पाटीपुणेरी:
जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. झाले का ख्रिस्ती? त्यांनी आपला निर्मीक मानला, म्हणजे जग निर्माण करणारा. पोरं काय मातीचे गोळे असतात का, मास्तर थापेल तशी व्हायला?

भाकरतुकडा:
मिशनऱ्यांनी मराठीचं भलं केलं हेही लिहा की. केरीचं व्याकरण १८०५, मोल्सवर्थचा कोश १८३१. आणि आताची कॉन्व्हेंटं? माझ्या लेकीने वर्गात "पाणी प्यायला जाऊ?" असं मराठीत विचारलं म्हणून पाच रुपये दंड!

खवचट_काका:
मोल्सवर्थ फौजेतला. मिशनरी नव्हे. आधी वाचा.

भाकरतुकडा:
बरं, फौजेतला. दंड खराच होता.

पाटीपुणेरी:
पण त्या शाळेत एक तरी नन होती का? आमच्या गल्लीतल्या 'सेंट' शाळेचा मालक ट्रॅक्टर विकतो. कुठला संत ते त्यालाही ठाऊक नाही.

भाकरतुकडा:
नन नव्हती. पण टाय होता. मे महिन्यात.

सुगरण७२:
आमच्याकडे डब्यात भाकरी आणू नका म्हणाले होते, सँडविच आणा. मी ठेचा लावून सँडविच दिलं.

खवचट_काका:
मुद्द्यावर या. दुष्काळात धान्य दाखवून बाटवलं की नाही?

शेवगावकर_मी:
काका, हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, म्हणून आज लिहितेच. माझ्या खापरपणज्याला गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. १८७६ च्या दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडली तेव्हा भाकरी मिळाली, हे खरं. पुढे शाळेची पाटीही मिळाली, हेही खरं. गावाने काय दिलं होतं, जे सोडून तो बाटला? आजी बायबल वाचायची, अगदी ओवीसारखं घोळवून, आणि जात्यावर तुकाराम म्हणायची. तिला कुणी विचारलं नाही कधी, तू कुठली ते.

खवचट_काका:
तुमच्या घराण्याबद्दल बोललो नव्हतो.

शेवगावकर_मी:
मग कुणाच्या? दुष्काळ काय शेजारच्या जिल्ह्यात पडला होता? आणि आमच्यात सगळं गोड होतं असंही नाही. लग्न जुळवताना आजही हळूच "मूळचे कुठले?" विचारतात. ती कीड मिशनला काही मारता आली नाही.

सुगरण७२:
आणि एक. दोन्ही बाजूंनी सावित्रीबाईंना कुणाची तरी शिष्या करून बसवलंय. फरारबाईंकडे अध्यापन शिकल्या, मान्य. पण रस्त्यात शेण-दगड त्यांच्या अंगावर पडत होते. ते झेलायचं प्रशिक्षण कुठल्या मिशनने दिलं?

शेंगोळे_नगरी:
हे माझ्या धाग्यात राहून गेलं. चूक माझी. तरी फॉरवर्डवाल्यांना यातलं काहीच म्हणायचं नव्हतं, हे लक्षात घ्या.

खवचट_काका:
ठीक आहे. बाईने शिकवलं, मान्य. हेतू मान्य नाही. आणि शेवगावकरबाई, तो 'बाटवलं' शब्द मागे घेतला, खूश? ती पोस्ट कॉलनीच्या ग्रुपवर मीच टाकली होती. काढायला गेलो तर मुदत संपली म्हणतोय फोन.

पाटीपुणेरी:
मग त्याच ग्रुपवर हा धागा टाका.

खवचट_काका:
आता तेवढंही सांगू नका.

भाकरतुकडा:
त्या पाच रुपयांची पावतीसुद्धा दिली नव्हती.