फी माफ नका करू, दिवाळीनंतर घ्या. पटतंय का कुणाला?

सोयाबीनवाला (औसा):
पोरगी यंदा पहिलीत गेली, इंग्लिश शाळा, फी २८ हजार, अन् निम्मी जूनमध्येच भरा म्हणायलेत. जूनमध्ये आमच्याकडं पैसा असतो कुठं? त्याच पंधरवड्यात बी, खत, पेरणीचं ट्रॅक्टर. मग माणूस बायकोची पोत पतसंस्थेत ठेवतो नाहीतर खत उधारीवर आणतो, अन् उधारीचा भाव तर सगळ्यांना माहितीच. फुकट शिकवा असं कुणीच म्हणत नाही ना, सोयाबीन निघाल्यावर घ्या अन् तसं लिहून द्या एवढंच. कारखाना उसाचं बिल टप्प्यानं देतो ते आम्ही गप घेतो, शाळेला मात्र सगळं आगाऊ पाहिजे.

खडूवाला (नांदेड):
नाही पटलं. मी अशाच शाळेत शिकवतो, वर्गात पाच-सहा जणांची फी अडकली की पहिला पगार आमचाच लांबतो. किराणावाला मला दिवाळीपर्यंत थांबतो का? अन् भाव पडला की तुम्हीच म्हणणार आता तूर निघू द्या. २०२४ ला हमीभाव ४८९२ होता, बाजारात कितीनं विकलं सांगा बरं.

रेणू_परभणी:
आधी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा फॉर्म भरला होता का? खासगी शाळेत त्याच्या २५ टक्के जागा असतात, आठवीपर्यंत फी लागत नाही. आमच्या लेकराचा सोडतीत नंबर लागला. फी नाही पण ड्रेस, पुस्तकं, व्हॅन, गॅदरिंगचे पैसे असं करत करत बरेच जातेत, अन् मागताना तोंड असं करतेत की जणू उपकारच चाललेत.

खडूवाला:
ताई, उपकार नाही पण सरकार एका लेकरामागं वर्षाला १७,६७० देणार म्हणतंय, ते वर्षानुवर्षं थकलेलं असतं. मग संस्थाचालक ते बाकीच्या पालकांकडून काढतो. सोयाबीनवाल्या भाऊंची फी अशीच वाढली असणार.

एमआयडीसी_जालना:
अन् आमच्यासारख्यांचं काय? ओपनमधून उत्पन्नाची अट एक लाख. कंपनीत महिना १२ हजार पगार, वर्षाचे १ लाख ४४ हजार, झालो श्रीमंत! 😂 पगाराची स्लिप लपत नाही. गावाकडं मात्र बंगल्यासमोर गाडी उभी अन् तहसीलचा दाखला ऐंशी हजाराचा. कुणाला राग आला तर येऊ द्या. एससी, एसटी, ओबीसीला उत्पन्नाची अट नाही ते ठीक, माझं त्यांच्याशी भांडण नाही, माझं दाखल्याशी आहे.

बालाघाट (बीड):
एवढं कर्ज काढून इंग्लिश कशाला म्हणतो मी. झेडपीत घाला की. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियमच काढला होता, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगीत आरटीई नाही. जुलैत हायकोर्टानं उडवला तो, पण विचार काय वाईट होता?

सोयाबीनवाला:
बालाघाट साहेब, आमच्या झेडपीत दोन मास्तर अन् चार वर्ग, त्यातला एक कायम ऑनलाइन माहिती भरत बसलेला. तुमचं लेकरू कुठंय ते सांगा आधी. आरटीईला फॉर्म भरला होता, वेटिंगवर राहिला. अन् मास्तर, तुमच्या पगाराच्या आड मी येत नाही, दर महिन्याला दोन हजार द्यायला तयार आहे ना, दूध जातं डेअरीला. पण क्लार्क म्हणतो दोनच हप्ते, जून अन् नोव्हेंबर, सॉफ्टवेअरमध्ये तिसरा रकाना नाही.

रेणू_परभणी:
क्लार्कशी भांडून काय होणार. २०११ च्या फी कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे, फी तिच्यासमोर येते. समितीत तुमचे कोण पालक आहेत ते विचारा, अन् हप्त्याचा अर्ज दहा-बारा जणांच्या सह्यांनी द्या.

खडूवाला:
महिन्याला दोन हजार नेमानं येत असतील तर माझी काय हरकत नाही भाऊ. पण समितीत पालक म्हणून कोण बसतंय ते आधी बघा. आमच्याकडं संस्थाचालकाचा मेहुणाच आहे.