टीपी स्कीममध्ये जमीन द्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात आमची शेती आहे. आता तिथे नगररचना योजनेची, म्हणजे टीपी स्कीमची चर्चा चालू आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बाग, शाळेची जागा काढायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला लहान पण आखीव प्लॉट द्यायचा, एवढं समजलं. कल्पना मला पटते. पुण्यातल्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून स्वतःच वसाहत उभी केली, ते डोळ्यांसमोर आहे.

खरी काळजी ओढ्याची आहे. आमच्या बांधाला लागूनच तो वाहतो. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा, पण मोठा पाऊस झाला की पाणी पार ज्वारीच्या रानात शिरतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर येऊन काय झालं ते पुणेकर विसरलेले नाहीत.

कोणी या प्रक्रियेतून गेलं असेल तर कृपया सांगा:
अंतिम प्लॉट मूळ जागेजवळच मिळतो का? सामाईक सातबारा असेल तर भावाभावांना वेगळे प्लॉट मागता येतात का? आणि ओढ्याकाठची पट्टी मोकळीच ठेवा, अशी हरकत कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कागदांसह द्यायची?