गळातून सुटलेला मासा शहाणा होतो का?

चोडणकर

नमस्कार. गोव्यातल्या चोडण बेटावर आमच्या वाड्याजवळ (वस्तीजवळ) खाजन शेताची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताची, एक जुनी मानस (पाणी अडवण्या-सोडण्याचे फळ्यांचे दार) आहे. ओहोटी लागली की मानशीच्या फळ्या उघडतात, शेतातले पाणी वेगाने नदीत ओतले जाते आणि त्याबरोबर वाहत येणारी सुंगटे (कोळंबी) व बारीक मासळी टिपण्यासाठी चोणक आणि तामसो हे शिकारी मासे बाहेरच्या डोहात दबा धरून बसतात. गरी (गळ) टाकणाऱ्यांसाठी ही जागा उत्तम असल्यामुळे तेथे बहुतेक वर्षभर कोणी ना कोणी बसलेला असतो.

पावसाळा सरला की पहिले काही आठवडे येथे चोणक चांगला लागतो. पुढे त्याच जागी, तशाच ओहोटीला, तेच जिवंत सुंगट लावूनही तो तोंड लावत नाही. मासाच तेथे नसेल असे म्हणावे, तर रात्री टॉर्चच्या उजेडात त्याचा तांबूस चमकणारा डोळा स्पष्ट दिसतो. तो सुंगटाच्या मागोमाग येतो, वीतभर अंतरावर थबकतो, कल्ल्यांची एक-दोनदा उघडझाप करतो आणि वळून खोल पाण्यात निघून जातो. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक करून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. वजनासाठी लावलेले शिसे काढून टाकल्यावर मात्र थोडा फरक पडल्यासारखे वाटले. वाड्यावरची वडीलधारी मंडळी ‘तो गरी खाल्लेला मासा आहे’ एवढेच सांगतात.

माझे विचारणे असे की, माशाला खरोखर अनुभवातून शिकता येते का, येत असेल तर ते किती काळ त्याच्या लक्षात राहते, आणि हे ज्ञान केवळ गळाबाबत असते की जाळ्याबाबतही?

शापोराकाठ

चोडणकरबाब, आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या रापणकरांचे (किनाऱ्यावरून मोठे जाळे, म्हणजे रापण, ओढणाऱ्यांचे) असल्यामुळे जाळ्यापुरते मी सांगू शकतो. रापणीत सापडलेला बांगडा किंवा तारली परत समुद्रात जात नाही, त्यामुळे त्याने अनुभवातून काही शिकण्याचा प्रश्नच येत नाही. शेवटो हा मासा जाळे आवळत आले की दोरावरून उसळी मारून पलीकडे जातो, आणि ते पाहून पुष्कळ लोक त्याला हुशार ठरवतात. परंतु ज्याने आयुष्यात कधी जाळे पाहिलेले असणे शक्य नाही असे शेवट्याचे पिल्लूही तशीच उसळी मारते. ती त्याची उपजत सवय आहे.

तुमच्या मानशीबाबत मला आधी पाण्याचा विचार करावासा वाटतो. पावसाळ्यानंतरचे पाणी काही काळ गढूळ असते आणि त्यात माशाला जवळ येईपर्यंत काही दिसत नाही. नोव्हेंबरनंतर ते निवळते, खारटपणा वाढतो आणि माशाचे खाणेही बदलते. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत मानशीतून जो लोट येतो तो भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत येत नाही, म्हणून दोन रात्रींची तुलना करताना तिथी पाहिल्याशिवाय माशाला शहाणपणाचे श्रेय देऊ नये.

फोंड्याचा शिक्षक

मी प्राणिशास्त्र शिकवतो. शापोराकाठ यांनी घातलेली सावधगिरीची अट योग्यच आहे, तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. माशाची आठवण काही सेकंदांची असते हा समज प्रयोगांनी केव्हाच खोटा ठरवला आहे.

या विषयावरचे पायाभूत काम नेदरलँड्समध्ये बोकेमा या संशोधकाने केले आणि ते 1970 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यांनी तळ्यातल्या कार्प माशांना गळाने पकडून, खूण करून परत सोडले. एकदाच गळ लागलेला कार्प त्यानंतर पुन्हा सापडण्याची शक्यता स्पष्टपणे घटली आणि वर्ष उलटल्यावरही हा परिणाम पूर्ण पुसला गेला नव्हता. पाईक या शिकारी माशावर त्यांनी केलेला प्रयोग तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण पाईकही चोणकासारखाच दबा धरून झडप घालतो. फिरत्या चकतीच्या कृत्रिम आमिषाला तो लवकर टाळू लागला. जिवंत माशाचे आमिष लावले असता मात्र एकदा फसलेला पाईकही पुन्हा फसत राहिला. म्हणजे तो गळाला किंवा दोरीला ओळखायला शिकला नव्हता. ज्या वस्तूने त्याला दुखावले तिचे रूप त्याच्या लक्षात राहिले, आणि ते रूप त्याच्या रोजच्या भक्ष्यापासून वेगळे होते म्हणूनच ते टाळणे त्याला परवडले. खरे भक्ष्य टाळायला शिकलेला शिकारी मासा उपाशी मरेल.

आता हेच तुमच्या मानशीला लावून पाहा. तेथे आमिष जिवंत सुंगटाचे आहे, तरीही मासा जवळ येऊन परत जातो. माझ्या मते याचे उत्तर तुम्ही काढलेल्या शिशात आहे. प्रत्येक ओहोटीला त्या डोहातला चोणक असंख्य सुंगटे प्रवाहाबरोबर वाहत येताना पाहतो आणि टिपतो. सुंगट लोटाच्या वेगाने येते, भोवऱ्यात गिरकी घेते, शेपूट झटकून मागे उडते. तंगुसाला बांधलेले आणि शिशाने तळाशी ओढलेले सुंगट यातले काहीच करत नाही, ते प्रवाहात अडून एका जागी थरथरत राहते. माशाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेखा पाण्याची बारीक हालचाल टिपत असल्यामुळे हा फरक त्याला अंधारातही कळू शकतो. तेव्हा तुमचा मासा गळाचा अनुभव घेतलेला असेलच असे नाही. खरे सुंगट कसे वाहते याचा भरपूर अनुभव मात्र त्याच्या गाठीशी आहे, आणि तोही शिकण्याचाच भाग आहे. गढूळ पाण्याच्या दिवसांत हा अनुभव कमी उपयोगी पडतो, पाणी निवळल्यावर तो पुरेपूर कामी येतो. शापोराकाठ यांचा पाण्याचा मुद्दा आणि तुमचा शिकण्याचा मुद्दा मला म्हणूनच परस्परविरोधी वाटत नाहीत.

जाळ्याबाबत ऑस्ट्रेलियात कलम ब्राउन यांनी रेनबोफिश नावाच्या लहान माशांवर केलेला, 2001 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. टाकीत ओढल्या जाणाऱ्या जाळ्याला एकच भोक ठेवलेले होते. ते शोधून निसटायला हे मासे पाच फेऱ्यांत शिकले आणि सुमारे 11 महिन्यांनंतर, मधल्या काळात जाळे न पाहताही, तितक्याच चपळाईने बाहेर पडले. त्यांच्याच आधीच्या कामात असे आढळले होते की, दोन माशांच्या जोडीपेक्षा पाचांचा थवा वाट लवकर काढतो. त्यामुळे जाळ्यातला मासा शिकू शकत नाही असे नाही. रापणीतल्या बांगड्याला दुसरी फेरी मिळत नाही, एवढेच.

चोडणकर

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही मनापासून आभार. शिशाचा मुद्दा मला पटला. तरी एक शंका उरते. आपल्याकडे लागलेला मासा परत पाण्यात सोडत नाहीत, तो कालवणात जातो. मग नुसती गळाची भीती बाळगणारे मासे उरतातच कसे?

फोंड्याचा शिक्षक

आपण अगदी नेमके विचारले आहे, कारण येथे शिकणे आणि निवड या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तंगूस तुटून किंवा ओठ फाटून सुटणारे मासे असतातच आणि ते शिकतात. परंतु त्याहून संथपणे चालणारी दुसरी एक प्रक्रिया आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या तलावात बास माशांवर अनेक वर्षे काम झाले, त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. तेथे पकडलेला प्रत्येक मासा खूण करून सोडला जाई. काही मासे पुन्हा पुन्हा लागले, काही एकदाही लागले नाहीत. (वारंवार लागणारे मासे होते, यावरून प्रत्येक मासा एका अनुभवाने सुधारतोच असे नाही, हेही दिसते.) या दोन गटांची स्वतंत्र पैदास केली असता पिढ्यांगणिक त्यांच्यातले अंतर वाढत गेले, म्हणजे गळाला सहज लागण्याचा स्वभाव काही अंशी आनुवंशिक आहे. जेथे लागलेला मासा घरी नेला जातो, तेथे धीट मासे आधी संपतात आणि बुजरे मागे राहतात. काठावर बसलेल्याला दोन्ही बाबतींत दृश्य एकच दिसते, ते म्हणजे तोंड न लावणारा मासा.

काणकोणहून

मी तळपण आणि गालजीबाग या नद्यांवर रॉड आणि ल्युअर (कृत्रिम आमिष) वापरतो आणि लहान मासे परत सोडतो. एकाच चकचकीत ल्युअरला तामसो एका कोपऱ्यात लवकर विटतो आणि रंग, आकार बदलला की पुन्हा झडप घालतो, असा माझाही अनुभव आहे. शिक्षकांनी सांगितलेल्या पाईकच्या प्रयोगाशी तो जुळतो. जिवंत सुंगटाबाबत माझा सल्ला असा की, शिसे अजिबात न लावता, गरी लहान वापरून, सुंगट मानशीच्या तोंडापाशी सोडावे आणि तंगूस सैल ठेवून ते लोटाबरोबर डोहापर्यंत वाहू द्यावे.

चोणकाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे डोहातला सर्वांत थोराड चोणक बहुधा अंड्यांची मादी असते. असा मासा लागला तर तो सोडून देण्याचा विचार अवश्य करावा.

फोंड्याचा शिक्षक

सोडणार असाल, तर गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवावा आणि मासा शक्यतो पाण्यातच ठेवून मोकळा करावा. सोडताना शेपटीच्या वरच्या टोकाचा अगदी बारीक कोपरा कात्रीने कापल्यास खूण राहते. तो भाग पुन्हा वाढतो, पण काही आठवडे ओळख पटते. वाड्यावरच्या सर्वांनी हे पाळले आणि प्रत्येक रात्रीची तिथी, पाण्याचा गढूळपणा आणि शिसे लावले होते की नाही एवढे वहीत लिहिले, तर टॉर्चच्या उजेडात परत वळणारा मासा खुणेचा आहे की बिनखुणेचा, हे या मोसमातच कळू लागेल. बिनखुणेचेच मासे वळताना दिसले, तर कारण गळाच्या अनुभवात न शोधता आमिषाच्या वाहण्यात शोधावे लागेल.