मदत हवी आहे: पेशीपटलातल्या लिपिडची हालचाल दाखवायची कशी?

नमस्कार मंडळी. नागपुरात बीएस्सीच्या मुलांना शिकवतो. पेशीपटलाची आकृती फळ्यावर काढली की मुलांना ती विटांची भिंत वाटते, तिथंच घोडं अडतं. खरं तर पटल हे फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीसारख्या रेणूंच्या (लिपिडच्या) दोन थरांचं असतं, आणि त्यातला रेणू आपल्या थरात सुसाट फिरतो. दोनेक मायक्रॉन लांबीच्या जिवाणूच्या एका टोकापासून दुसरं टोक सेकंदा-दोन सेकंदात गाठतो. मात्र एका थरातून दुसऱ्या थरात आपणहून उलटायला त्याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. पाण्याची ओढ असलेलं डोकं मधल्या तेलकट भागातून न्यायचं म्हणजे सोपं नाही. म्हणून तर पेशी एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून फ्लिपेज, म्हणजे लिपिडला पलीकडच्या थरात उलटवणारी प्रथिनं, चालवते.

फ्राय आणि एडिडिनचा १९७० चा प्रयोग सांगतो: उंदराची आणि माणसाची पेशी जोडली, ३७ अंशांना ४० मिनिटांत दोघांची प्रथिनं मिसळली. पण ती प्रथिनं! लिपिडचं काय?

बिटाच्या चकत्या गरम पाण्यात टाकल्या की रंग गळतो, पण त्यात पटल बिघडलेलं दिसतं, लिपिड फिरताना नाही. (त्यातून मे महिना. टाकीचं पाणीच इतकं तापतं की थंड नमुन्यासाठी बर्फ आणावा लागतो.) लेझरवाला सूक्ष्मदर्शक आमच्याकडे नाही.

साध्या प्रयोगशाळेत जमेल असं काही कोणी केलंय का? साबणाच्या पडद्यावर वगैरे? आणि लिपिड राफ्ट, म्हणजे पटलात ठरावीक लिपिड नि प्रथिनं एकत्र येऊन झालेले वेगळे पट्टे, किती ठामपणे शिकवता? कृत्रिम पटलात ते स्पष्ट दिसतात, जिवंत पेशीत मात्र अजून वाद आहे. पुढच्या आठवड्यात तास आहे, जरा लवकर सांगा जी.