स्क्रू कॉम्प्रेसर दुपारी हाय टेम्परेचरवर ट्रिप होतो, ऑइल लेव्हल बरोबर आहे

प्रश्न
३७ किलोवॅटचा एअर-कूल्ड, ऑइल-इंजेक्टेड स्क्रू, ७ बार. सकाळी ८५ अंशांवर छान चालतो, दुपारी फुल लोडवर ११० ला ट्रिप. फॅन चालू, ऑइल फिल्टर नवा. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह काढून सगळं ऑइल कूलरमधूनच फिरवलं तर चालेल का?

उत्तर १
व्हॉल्व्ह अजिबात काढू नका. साधारण ७० अंशांपर्यंत तो ऑइलला कूलर टाळून फिरवतो, ते मुद्दामच. ऑइल थंड राहिलं की हवेतली वाफ सेपरेटर टाकीतच (जिथे हवेतून ऑइल वेगळं होतं) पाणी होऊन बसते, ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंगला गंज चढतो.

मशीन ट्रिपच्या जवळ आलं की कूलरच्या ऑइल इनलेट आणि आउटलेट पाइपचं तापमान मोजा. उघड्या चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन कमी दाखवते, म्हणून तिथे काळी टेप चिकटवून त्यावर धरा. दोन्ही पाइप कोमट असतील तर ऑइल कूलरकडे जातच नाही, थर्मोस्टॅट अडकलाय. दोन्ही सारखेच कडक तापले असतील तर कूलर उष्णता सोडत नाही. फरक ३० अंशांच्या वर असेल तर प्रवाह कमी आहे: कूलर आतून चोक, नाहीतर ऑइल स्टॉप व्हॉल्व्ह (मशीन थांबल्यावर स्क्रूकडे जाणारं ऑइल बंद करणारा) अर्धवट उघडतोय.

उत्तर २
प्रवाहाबद्दल थोडं. अशा बहुतेक मशीनला ऑइल पंप नसतो, सेपरेटर टाकीतला दाबच ऑइल स्क्रूकडे ढकलतो. म्हणून मिनिमम प्रेशर व्हॉल्व्ह टाकीत ४ बारच्या आसपास दाब राखतो. ऑइल कमी पोहोचलं तर नुसतं वंगणच घटतं असं नाही. रोटरमधली फट सील होत नाही, दाबलेली गरम हवा मागे गळते, पुन्हा दाबली जाते आणि तापमान झपाट्याने चढतं.

प्रश्नकर्ता
मोजलं. इनलेट १०४, आउटलेट ९८. कूलरच्या फिन्स (पातळ पत्र्या) बाहेरून स्वच्छ दिसतात.

उत्तर १
सहाच अंश? मग कूलरच. १५ ते २५ चा फरक हवा. बाहेरून दिसण्यावर जाऊ नका, ऑइलची वाफ आणि धूळ मिळून चिकट थर फिन्सच्या आत, फॅनकडच्या बाजूला बसतो. मशीन बंद करून, सप्लाय लॉक करून एका बाजूने टॉर्च मारा. पलीकडे उजेड दिसला नाही तर डिग्रीझर लावा, १५ मिनिटं थांबा, हवेच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने हलक्या पाण्याने धुवा. जोरदार जेट वापरलात तर फिन्स वाकतील. मोटर आणि पॅनल आधी झाका.

सक्शनपाशी हवेचं तापमानही घ्या. बाहेरच्या सावलीपेक्षा ते ८-१० अंश जास्त असेल तर मशीनचीच गरम हवा खोलीत फिरतेय, डक्ट बाहेर काढावा लागेल.

उत्तर ३
धुवून झाल्यावर ऑइलही बदलाच. दर १० अंश जास्त तापमानाला आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे ठरलेले तास आता धरू नका. टॉप-अपला वेगळ्या प्रकारचं ऑइल नको: मिनरलमध्ये पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल, एक सिंथेटिक ऑइल) पडलं की गाळ धरतो आणि सेपरेटर चोक होतो. इंजिन ऑइल तर नकोच, त्यातला डिटर्जंट पाणी सुटू देत नाही. लेव्हल मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या स्थितीतच बघा, आणि टाकीचा प्रेशर गेज शून्यावर आल्याशिवाय फिलर प्लगला पाना लावू नका.