सी-५०२ च्या वॉशिंग मशीनचे पैसे (सोसायटीच्या ग्रुपवरून)

सोमवार, १६ तारीख

मीनाताई, सी-५०२ (रात्री ८.४०)
सर्वांना नमस्कार. जरा मदत हवी होती. गेल्या महिन्याच्या २८ तारखेला ऑनलाइन वॉशिंग मशीन मागवलं. १८,४९० रुपये आधीच भरले. ४ तारखेला येणार होतं. ३ तारखेला रात्री मेसेज आला की काही कारणाने तुमची ऑर्डर रद्द केली आहे. कसलं कारण, ते नाही. मी रद्द केलेली नाही, त्यांनीच केली. आज तेरा दिवस झाले, पैसे नाहीत. कस्टमर केअरला पाचदा फोन लावला. दर वेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी उत्तर तेच, "मॅडम, रिफंड आमच्याकडून झालाय, बँकेत विचारा." बँकेत गेले तर ते म्हणतात आमच्याकडे काही आलेलंच नाही. आता जायचं कुणाकडे? जुनं मशीन बंद आहे. सासूबाई अंथरुणावर, रोज दोन चादरी निघतात. हाताने धुऊन धुऊन गुडघे धरलेत.

प्रसाद, बी-२०४ (८.४६)
ताई, तेच मशीन आत्ता त्याच साइटवर बघितलं. २१,२९० ला आहे. म्हणजे माल नाही म्हणून रद्द केलेलं नाही.

मीनाताई (८.४८)
मीही बघितलं. त्याचंच जास्त लागलं मनाला. सेल आहे म्हणून थांबून थांबून घेतलं होतं.

शोभाकाकू, ए-४०१ (८.५१)
मीना, चादरी माझ्याकडे पाठवून दे. माझं मशीन दुपारी रिकामंच असतं. संकोच करू नकोस.

साठेकाका, बी-६०१ (८.५५)
रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाच दिवसांत पैसे परत आले नाहीत तर पुढे रोजचे १०० रुपये दंड. मेसेज खाली पाठवतो. ताई, हक्काने मागा.

किरण, डी-१०४ (८.५८)
ताई, गुगलवर त्यांच्या रिफंड विभागाचा थेट नंबर मिळाला. पाठवलाय बघा, लगेच उचलतात.

अण्णा, ए-१०३ (८.५९)
किरण, तो नंबर आधी डिलीट कर. सर्वांसाठी डिलीट कर. मीना, तू त्यावर फोन केलेला नाहीस ना?

मीनाताई (९.०१)
नाही अण्णा. करणार होते.

अण्णा (९.१२)
बरं झालं. किरण, तुझ्या मनात चांगलंच होतं, पण गुगलवर असे खोटे नंबर चोरच टाकून ठेवतात. रिफंडसाठी घायकुतीला आलेला माणूस त्यांना हवाच असतो. माझ्या बँकेतल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात एक गृहस्थ शाखेत आले होते. हातातला फोन चालूच, कानाला लावलेला, आणि स्क्रीन पलीकडच्या माणसाला दिसत होती. "रिफंड देतो, हे ॲप टाका" असं सांगून ॲप टाकायला लावलं होतं. मी फोन ओढून घेऊन बंद केला, तोवर ४० हजार गेले होते. ते खुर्चीवर बसले, आणि पाण्याचा ग्लास दिला तर हात इतका थरथरत होता की पाणी शर्टावर सांडलं. म्हणून सांगतो, नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतून किंवा बिलावरून. आणि पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार आहेत. असं कुणाचं झालंच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा.

किरण (९.१४)
डिलीट केला. सॉरी ताई. हे खरंच माहीत नव्हतं.

अण्णा (९.२५)
साठे, तुम्ही म्हणता तो नियम खरा आहे, २०१९ च्या सप्टेंबरमधला. पण तो फसलेल्या व्यवहाराचा आहे. म्हणजे आपल्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराला मिळाल्याची नोंदच झाली नाही, तर पाच दिवसांत आपोआप परत, नाहीतर रोजचे १००. मीनाचा व्यवहार फसलेला नाही. पैसे कंपनीला नीट पोचले, ऑर्डर पक्की झाली, मग कंपनीने ती मोडली. हा व्यापाऱ्याने द्यायचा परतावा आहे. तो १०० रुपयांचा नियम घेऊन बँकेशी भांडायला गेलात तर बँक हात वर करेल, आणि तिचं बरोबरच असेल. आपलं भांडण कंपनीशी आहे. मीना, पैसे नेमके कसे भरलेस? सगळे एकाच वेळी?

मीनाताई (९.३१)
यूपीआयने. आणि हो, २,००० चं गिफ्ट व्हाउचर होतं, निवृत्त झाले तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींनी दिलेलं. ते आधी लावलं, उरलेले १६,४९० यूपीआयने.

अण्णा (९.३३)
मग उद्या सकाळी दहाला वर येतो. पासबुक भरून आणून ठेव, आणि रद्द झाल्याचा मेसेज पुसू नकोस.

मंगळवार, १७ तारीख

अण्णा (दुपारी १२.१०)
घोळ सापडला. उद्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲपमध्ये ऑर्डरखाली हिरव्या अक्षरांत "रिफंड पूर्ण" असं दिसतं. कस्टमर केअरचा माणूस तेवढंच वाचतो आणि सांगतो. आम्ही त्या हिरव्या ओळीवर बोट दाबलं तेव्हा आत दुसरं पान उघडलं. तिथे रक्कम २,००० आणि ठिकाण, कंपनीचं वॉलेट. म्हणजे व्हाउचरचे पैसे त्यांनी स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकले आणि फाइल बंद केली. १६,४९० चा कुठे उल्लेखसुद्धा नाही.

पासबुकात २८ तारखेला १६,४९० नावे पडलेले दिसतात, त्यापुढे बारा आकडी नंबर आहे. पण ३ तारखेनंतर जमेच्या बाजूला पेन्शन आणि व्याज, बाकी काही नाही. बँक खरंच बोलत होती.

रिफंड यूपीआयचा असो की कार्डाचा, पैसे निघाले की त्याला एक नंबर मिळतो. यूपीआयला बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्याला लोक यूटीआर म्हणतात. कार्डाला एआरएन, तो तेवीस आकडी. तो नंबर बँकेत दाखवला की पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. नंबरच नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत, मग समोरचा कितीही गोड बोलो. म्हणून "रिफंड झालाय" असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न एकच, "नंबर द्या". आज मीनाने फोनवर हाच प्रश्न विचारला. तो मुलगा दोन मिनिटं गप्प होता, आणि मग म्हणाला, "मॅडम, १६,४९० चा नंबर दिसत नाहीये." पाच फोनांत जे कळलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात कळलं.

मीनाताई (१२.२२)
खरंच. इतके दिवस मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलंय.

अण्णा (१२.४०)
तुझं काहीही चुकलेलं नाही. आता फोन बंद, सगळं लेखी. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्यावर ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण. नाव साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत होतं, प्रसादने शोधून दिलं. मेल पाठवलाय. कुणाला पुढे लागला तर मजकूर असा:

"माझी ऑर्डर तुमच्या बाजूने ३ तारखेला रद्द झाली. मी रद्द केलेली नाही. एकूण १८,४९० पैकी २,००० वॉलेटमध्ये आले. यूपीआयने भरलेले १६,४९० परत आलेले नाहीत. मूळ व्यवहाराचा क्रमांक आणि पासबुकाचं पान सोबत जोडलं आहे. रक्कम मूळ खात्यातच जमा करून त्याचा संदर्भ क्रमांक कळवावा. ऑर्डर का रद्द केली तेही लेखी कळवावं."

एवढंच. राग लिहायचा नाही, तारखा आणि आकडे लिहायचे.

रुपाली, डी-३०१ (१.०५)
अण्णा, माझा मिक्सर असाच त्यांनी रद्द केला. तो क्रेडिट कार्डावर ईएमआयने होता. पैसे आले, पण हप्ता अजून कापला जातोय. असं कसं?

अण्णा (१.१८)
कंपनीने पैसे कार्डावर टाकले तरी बँकेतलं ईएमआयचं कर्ज पुष्कळदा आपोआप बंद होत नाही. बँकेला फोन करून "ऑर्डर रद्द झाली आहे, ईएमआय बंद करा" असं सांगावं लागतं. सगळं बंद झालं तरी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी बऱ्याच बँका परत देत नाहीत. ऑर्डर तू मोडलेली नसलीस तर ती रक्कम कंपनीकडे माग. आजच फोन कर, पुढचं बिल निघायच्या आत.

बुधवार, १८ तारीख

मीनाताई (सकाळी ११.३०)
अण्णांनी सांगितल्याप्रमाणे १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं, फार बरं वाटलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, ऑर्डर नंबर आणि रक्कम लिहून घेतली. तक्रारीचा क्रमांक मेसेजवर आला.

साठेकाका (११.४२)
ते लोक पैसे मिळवून देतात का?

अण्णा (११.५५)
हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीच्या योग्य माणसाकडे पोचवते आणि उत्तर मागते. पण कस्टमर केअरच्या पोराच्या हातात जे नसतं, ते तिथे बसलेल्या माणसाच्या हातात असतं. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी देशाच्या कुठल्याही टोकाला असो. आपल्याला ठाणे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षं. तिथे पैशांबरोबर मनस्तापाची भरपाईही मागता येते. १६ हजारांसाठी कोण आयोगात जाणार, याच हिशेबावर या कंपन्या बसलेल्या असतात. मी मीनाबरोबर जायला तयार आहे.

शोभाकाकू (१२.०३)
मीही येईन. मीना, चादरी वाळल्यात, संध्याकाळी घेऊन जा.

शुक्रवार, २० तारीख

मीनाताई (दुपारी ४.१५)
काल मेलची पोच आली. आज कंपनीतून फोन आला, या वेळी वरच्या कुणा बाईंचा. माफी मागितली. म्हणाल्या, १६,४९० आत्ताच्या आत्ता वॉलेटमध्ये टाकतो, वर ५०० जास्त देतो, नवीन ऑर्डर करा. खात्यात हवे असतील तर आणखी पाच ते सात दिवस. काय करू? चादरींचं बघता मन होतंय हो म्हणायचं.

प्रसाद (४.१९)
ताई, वॉलेटमधून तेच मशीन आता २१,२९० ला घ्यावं लागेल. ५०० चा काय उपयोग?

अण्णा (४.३०)
हो म्हणू नकोस. ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परत यायला हवेत, असं पेमेंट गोळा करणाऱ्या मधल्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच सांगितलंय. ग्राहकाने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला तरच वेगळं. म्हणजे तुझ्या एका "हो" वर सगळं अवलंबून आहे. वॉलेटमधले पैसे बाहेर काढता येत नाहीत, ते त्यांच्याच दुकानात खर्च करावे लागतात. पैसे तुझे आहेत, कुठे खर्च करायचे ते तू ठरव.

मीनाताई (५.०२)
त्यांना मेलवर लिहून दिलं, वॉलेट मान्य नाही, मूळ खात्यातच द्या. आधीच्या मेललाच उत्तर दिलं, म्हणजे सगळं एका जागी राहील.

अण्णा (५.०४)
शाब्बास. हे मीही सुचवलं नव्हतं.

मंगळवार, २४ तारीख

मीनाताई (सकाळी ९.५०)
आले!! काल रात्री त्यांनी मेलवर बारा आकडी नंबर पाठवला. सकाळी बँक उघडताच मशीनवर पासबुक भरलं. १६,४९०, जमा, पुढे तोच नंबर. एकेक आकडा बोट ठेवून ताडून बघितला. अण्णा, काय बोलू.

अण्णा (९.५८)
काही बोलू नकोस. १९१५ च्या तक्रारीवर तारीख आणि नंबर कळव, म्हणजे ती नीट बंद होईल. पासबुकाच्या त्या पानाचा फोटो काढून ठेव. आणि त्यांनी रद्द करण्याचं कारण अजून दिलेलं नाही. ते पुन्हा माग.

मीनाताई (१०.०५)
मागते. वॉलेटमधले २,००० सुद्धा मागते. मैत्रिणींनी दिलेलं व्हाउचर होतं, ते नव्याने द्या म्हणते.

रुपाली (१०.२०)
माझाही ईएमआय बंद झाला. फीचे पैसे कंपनी देणार म्हणतेय. मीही नंबर मागितलाय.

बुधवार, २५ तारीख

मीनाताई (संध्याकाळी ६.१०)
स्टेशनजवळच्या दुकानातून मशीन घेतलं. १९,२०० पडले, पण नळ जोडून, एकदा चालवून दाखवणार आणि मगच पैसे घेणार. उद्या अकराला टेम्पो येतोय. सेक्रेटरीसाहेब, सी विंगची लिफ्ट उद्या दुरुस्तीला बंद ठेवणार होतात ना? दुपारनंतर केलीत तर फार बरं होईल.

सेक्रेटरी (६.१४)
लिफ्टवाल्याला दोनला बोलावतो. वॉचमनला सांगून ठेवतो, गेट उघडं ठेवेल.

शोभाकाकू (६.२०)
उद्या सकाळच्या चादरी तरी माझ्याकडेच दे.